डोंगरातलं घर, मंदीतला भाव

नौपाडा, ठाणे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायला तू बघतेयस तो इगतपुरीचा दोन बेडरूमचा बंगला सत्तर लाखांपर्यंत उतरलाय म्हणालीस. पर्यटन थंडावलं की असे भाव निघतात. पण विकणारे दोन तऱ्हेचे असतात. एकाचे हप्ते थकलेत, घर चांगलं आहे, त्याला फक्त सुटायचंय. दुसऱ्याचं घर तेजीतही कुणी घेतलं नसतं, आता त्याला मंदीचं निमित्त सापडलंय. दोघे भाव तोच सांगतात. आधी हे दोघे ओळखायला शीक, घासाघीस नंतर.

हिशोब वाईट महिन्याचाच मांड. पन्नास लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं धरलं तर हप्ता जवळपास ४५,०००. मंदीत महिन्याला चारच रात्री भाड्याने गेल्या आणि रात्रीचे ६,००० मिळाले, तर २४,०००. त्यातून बुकिंगवाल्याचं १५ टक्के कमिशन जाईल, धुणं-सफाईचे रात्रीला ८०० धर, केअरटेकरचा पगार १२,०००. हातात पाच हजार उरतात, त्यातून वीजबिल आणि इंटरनेट. म्हणजे हप्ता पूर्ण तुझ्या पगारातून. तेवढा झेपत असेल तरच पुढे जा. मालक एक्सेलची शीट दाखवेल. तू दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरण माग. शनिवार-रविवार वगळून आठवड्यातले किती दिवस भरतात, तेही वेगळं मोज.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून आपल्या बाजूने जाणं सोपं झालंय. दलाल हे दहा वेळा ऐकवेल. त्याच रस्त्याने पाहुणा सकाळी येऊन संध्याकाळी घरी परततो, हे मात्र सांगणार नाही. आणि पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघाला की आलेली बुकिंगं रद्द होतात, तेही धरून चल.

आता जमीन. इथेच लोक बुडतात. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाच. तिथे ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा (म्हणजे कुळाला मिळालेली, विक्रीवर बंधन असलेली जमीन), वनाची नोंद किंवा बँकेचा बोजा असेल तर थांब. भोगवटादार वर्ग २ असेल तर विक्रीची परवानगी कुठे आहे ते विचार. त्या पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत; अशी जमीन बिगर-आदिवासीने घेताना लागणारी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची मंजुरी नसेल तर त्यानंतरची सगळी खरेदीखतं डळमळीत. फेरफार मागे मागे नेऊन बघ आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांचा शोध, घे. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र हे तिन्ही हवेत. ‘ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे ना’ असं कुणी म्हणालं तर हसून सोड; घरपट्टीच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. फार्महाऊस म्हणून शेतजमिनीतला पाच गुंठ्यांचा हिस्सा सामायिक सातबाऱ्यावर देतात, त्याच्या वाट्यालाच जाऊ नकोस. तू शेतकरी नाहीस, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ न देणारं कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येईल आणि त्यावर गृहकर्जही सहसा मिळत नाही. बंगला प्रकल्पातला असेल तर सोसायटी रोजच्या भाड्याला परवानगी देते का, हे लेखी घे.

घर दोनदा बघ. एकदा जुलैत, सलग तीन दिवस पाऊस पडल्यावर, आणि एकदा मेमध्ये. जुलैत कपाटं भिंतीपासून ओढून मागे बघ, नव्या रंगाखालची ओल तिथेच कळते. मागची संरक्षक भिंत फुगलीय का, तिच्या छिद्रांतून पाणी वाहतंय की ती मातीने बुजलीत? छिद्रं बुजली की पाणी भिंतीमागे साठतं आणि भिंत ढकलली जाते. वरच्या उतारावर तडे, कललेली झाडं किंवा नवा झरा दिसला तर गाडीत बस आणि परत ये. १९ जुलै २०२३ ला दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी आपल्यापासून लांब नाही. सेप्टिक टँकचा शोषखड्डा भर पावसात तुंबतो का, ते केअरटेकरला विचार, मालकाला नको.

मेमध्ये पाण्याचं बघायचं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर बारा पाहुण्यांना सोळाशे लिटर लागतात. २० फूट लांब, १० रुंद, ४ खोल अशा तरणतलावात साधारण २२,६०० लिटर मावतात, म्हणजे दहा हजारी टँकर दोन आणि वर थोडं. बोअर एप्रिलनंतर आटते का आणि तेव्हा टँकर काय भावाने येतो, हे शेजारच्या दोन बंगल्यांत विचार.

मालकाचं कर्ज असेल तर त्याच्या बँकेकडून फेडीच्या रकमेचं पत्र आणि जमा कागदांची यादी घे, आणि तेवढ्या रकमेचा चेक थेट त्या बँकेच्या नावाने काढ. व्यवहार ५० लाख किंवा वर असल्यामुळे मालकाला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, तुला कापावा लागेल. घर फक्त तुझ्या नावावर घे, महिलेला निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००.

टोकन देण्याआधी सातबारा आणि सूची २ (नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा) यांच्या प्रती मला पाठव. ‘सर्च स्वच्छ न निघाल्यास टोकन पूर्ण परत’ ही ओळ पावतीवर मालकाच्या सहीनिशी लिहून घे, व्हॉट्सॲपवरचं ‘हो’ चालणार नाही.

तुझी
आई