सोमवारी येणाऱ्या तिघांसाठी

लातूर

चि. माय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनची रेंज गेली आणि तुझं अर्धंच ऐकू आलं. सोमवारी तुझ्या ऑटोमेशन टीममध्ये तिघं नवे येताहेत आणि आठवड्याच्या आत त्यांच्या हातून टेस्ट स्क्रिप्ट (ॲप आपोआप तपासणारा कोड) लिहून व्हायला हव्यात असं वरून सांगितलंय, एवढं कळलं. बावीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्येच काढली, म्हणून राहवलं नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांना नवी टेस्ट लिहायला लावू नकोस. फेल झालेली टेस्ट वाचायला शिकव.

मी पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा एक जाडजूड डॉक्युमेंट हातात दिलं आणि रोज किती स्क्रिप्ट झाल्या तो आकडा एक्सेलमध्ये भरायला सांगितलं. मी भरत गेलो. बिलातली सवलत बरोबर वजा होते का, हे तपासणारी माझी टेस्ट सात महिने रोज रात्री हिरवी, म्हणजे पास, यायची. मग ग्राहकाची तक्रार आली, सवलत दोनदा वजा होत होती. कोड उघडला तर काय, मी एरर पकडून नुसता लॉगमध्ये लिहीत होतो आणि टेस्ट पास होऊन बाहेर पडत होती. रक्कम ताडून बघायच्या ओळीपर्यंत ती एकदाही पोचली नव्हती. आमच्या सीनियर मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ही टेस्ट तुम्ही कधी लाल झालेली पाहिली होती का?" नव्हती पाहिली. तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाला मी हाच प्रश्न विचारत आलो.

ॲक्सेसचं तू आजच बघ. कोड ठेवायचं गिट, ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन, टेस्ट एन्व्हायर्नमेंट, आणि प्रत्येकाला स्वतःचा टेस्ट युजर. नाहीतर एकाच लॉगिनवर चौघं रन लावतात, एकाच्या कार्टमधला माल दुसऱ्याची टेस्ट काढून टाकते आणि नवं लेकरू दोन दिवस स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसतं. सेटअप करताना रीडमीमधलं, म्हणजे सूचनांच्या फाइलमधलं, जे चाललं नाही ते त्यांनाच दुरुस्त करू दे, तोच त्यांचा पहिला कमिट, गिटमध्ये नोंदवलेला पहिला बदल. तुझ्या मशीनवर सगळं कधीचंच बसलेलं आहे, तुला ते खड्डे आता दिसायचे नाहीत.

मग दोन दिवस ॲप हातानं वापरू दे. ऑर्डर टाकू दे, रद्द करू दे, रिफंड कुठं अडतो ते बघू दे.

त्यानंतर रोज पास होणारी एक टेस्ट मुद्दाम मोडायला सांग. अपेक्षित रक्कम ५०० च्या जागी ५०१ करा, बटणाचा लोकेटर, म्हणजे पानावरचा त्याचा पत्ता, बिघडवा, डेटामधला युजर काढून टाका. तिन्ही वेळा लालच येतं, पण प्रत्येक लाल वेगळं असतं, ते रिपोर्टवर बोट ठेवून दाखव. तुमच्याकडं प्लेराइट हे टेस्टिंगचं टूल आहे, त्यात टेस्टचा ट्रेस उघडला की प्रत्येक पायरीला पान कसं दिसत होतं ते समोर येतं. शेवटी, ज्यांचं कारण तुम्हाला सापडलंय असे दहा जुने फेल त्यांना दे. प्रॉडक्टचा बग, टेस्टचा बग, डेटा की एन्व्हायर्नमेंट, हे त्यांनी आधी कारणासकट कागदावर लिहायचं, मगच तुमचं उत्तर बघायचं.

"रिरन मार", म्हणजे फेल झालेली टेस्ट नुसती पुन्हा चालव, हे मात्र त्यांच्या कानावर इतक्यात पडू देऊ नकोस. गुगलनं २०१६ मध्ये स्वतःच्या टेस्टबद्दल लिहिलं होतं की जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे, म्हणजे कोड न बदलताही त्या कधी पास, कधी फेल होतात, आणि हिरव्याची लाल होण्याच्या प्रसंगांत सुमारे ८४ टक्के वेळा फ्लेकी टेस्टच असते. एवढ्या मोठ्या ठिकाणची ही गत, तुमच्याकडंही फ्लेकी टेस्ट असणारच. पण रिरननं हिरवी झाली की माणूस कारण शोधायचं सोडतो, किंवा टेस्टमध्ये पाच सेकंदांचा स्लीप, म्हणजे थांबा, टाकून मोकळा होतो. ही सवय पहिल्या महिन्यात लागते आणि मग सुटता सुटत नाही. टूलची काळजी करू नकोस. सेलेनियम २००४ साली आलं, प्लेराइट २०२० ला. सिंटॅक्स लेकरं पंधरा दिवसांत शिकतात.

तिघांतला एक उदगीरचा आहे आणि फार बोलत नाही म्हणालीस. त्याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पुण्यात मी नवा होतो तेव्हा तीन दिवस माझा पासवर्ड चालत नव्हता आणि मी कुणाला सांगितलं नाही. रोजच्या स्टँडअप मीटिंगला सगळे इंग्रजीत बोलायचे, मनात वाक्य जुळेपर्यंत माझी पाळी निघून जायची. लोकांना वाटलं, सेटअप चाललाय. त्याला सगळ्यांसमोर "काही अडचण?" असं विचारशील तर तो "नाही" म्हणेल. रोज दुपारी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बस, त्याची स्क्रीन बघ आणि मराठीत विचार, "आत्ता कुठं अडलंय?" तुझ्या कोडचा रिव्ह्यू त्याला करायला दे. त्याला तुझी चूक सापडली तर ती टीमसमोर मान्य कर.

२०२० चा जून आठवतो ना? तुझं कॉलेज बंद, तू गावाकडं. त्या वर्षी सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी होत्या. आबांनी पेरणीआधी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले होते, तू रोज पाणी शिंपडायचीस. सातव्या दिवशी तू उगवलेले मोजायला बसलीस आणि आबांनी न उगवलेले तुझ्यापुढं सरकवले. हा कुजलाय, ह्याला बुरशी, ह्याला मळणीत मार लागलाय. चौऱ्याहत्तर उगवले होते, सत्तरच्या वर, म्हणून नेहमीसारखं एकरी तीस किलो पेरलं. सव्वीस दाणे का गेले ते मात्र आबांनी तुझ्याकडून एकेक करून वदवून घेतलं.

परवा मी यंदाचे शंभर दाणे ठेवलेत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या उदगीरच्या पोराला विचार, त्यांच्याकडं उगवण कशी बघतात.

तुझे
बाबा