किनाऱ्यावर उतरण्याबद्दल, सुहासला

दांडिया बाजार, बडोदे
रविवार सकाळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या भूमध्य सागराच्या सहलीचं पत्रक दोनदा वाचलं. मार्ग, केबिनचे दर, शाकाहारी जेवणाची सोय, सगळं नीट बसलं आहे. फक्त शेवटच्या पानावर 'प्रत्येक बंदरात मनसोक्त, मुक्तपणे फिरा' असं जे छापायला दिलं आहेस, ते छापखान्यातून थांबव आणि आधी हे पत्र वाच. साथ आली की क्रूझवर सगळ्यात आधी हीच गोष्ट जाते आणि सगळ्यात उशिरा परत येते. जहाज चालू राहतं, जेवणं होतात, रात्रीचे कार्यक्रमही होतात. पण गँगवे, म्हणजे धक्क्यावर उतरायची शिडी, बंद होते किंवा अटींवर उघडते. तू २४ ज्येष्ठ मंडळी नेणार आहेस आणि त्यातली बहुतेक पैसे भरतील ते रोम आणि ग्रीस बघायला. त्यांना हे आधी कळलं पाहिजे.

आज कसले निर्बंध नाहीत, हे मान्य. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण बंदरं आणि जहाजं यांनी त्या तीन वर्षांत जी पद्धत बसवली, ती त्यांच्याकडे तयार आहे. पुन्हा लावायला त्यांना वेळ लागणार नाही.

बंदरं एवढी का बिचकतात, ते डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावरून समजतं. २५ जानेवारी २०२० ला एक प्रवासी हाँगकाँगला उतरून गेला, आणि तो नंतर बाधित निघाला. जहाज पुढे निघालं, १ फेब्रुवारीला जपानच्या ओकिनावातल्या नाहा बंदरात थांबलं, प्रवासी नेहमीसारखे शहरात फिरून आले, आणि नंतर त्या प्रवाशांना नेणारी तिथली एक टॅक्सीचालक बाई बाधित निघाली. योकोहामाला पोचल्यावर जहाजावरच्या ३,७११ माणसांना अडकवून ठेवलं गेलं आणि शेवटी ७१२ जणांना लागण झाल्याचं निघालं. त्या जहाजावर आपले १३२ भारतीय कर्मचारी होते, हे मला विसरता येत नाही. एका दिवसाच्या सहलीमुळे गावात रोग उतरतो, हे बंदरांनी तेव्हा पाहिलं. त्याच महिन्यात वेस्टरडॅम जहाजावर एकही रुग्ण आढळला नव्हता, तरी पाच ठिकाणांनी त्याला धक्का दिला नाही. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाच्या सिहानुकव्हिल बंदरानं त्याला घेतलं. एवढी माणसं एका दिवसात उतरवून घ्यायची, तर गावातल्या इस्पितळात खाटा किती, याचा विचार बंदराला करावाच लागतो. छोट्या बेटांनी दारं लावून घेतली त्यात मला काही गैर वाटत नाही.

नंतर दारं उघडली ती 'बबल' पद्धतीनं. ऑगस्ट २०२० मध्ये इटलीतल्या जिनोव्हाहून एमएससी ग्रँडिओसा हे जहाज निघालं, तेव्हा नियम एकच होता: उतरायचं तर जहाजाच्याच सहलीतून, तिच्याच बसनं, तिच्याच गाइडबरोबर. पहिल्याच फेरीत एक कुटुंब सहलीतून फुटून स्वतंत्र फिरायला गेलं, आणि त्यांना जहाजावर परत घेतलं नाही. हे तुझ्या मंडळींना शब्दशः सांग. आपण मांडवीला उतरून रमतगमत न्याय मंदिरापर्यंत जातो, वाटेत कुणी भेटतं, चहा होतो. बबलमध्ये यातलं काही चालत नाही. बस थांबेल तिथे सगळ्यांनी उतरायचं, बस निघेल तेव्हा सगळ्यांनी चढायचं. दुकानात शिरायचं नाही. जेवण एक तर डब्यात येतं, नाहीतर ठरवून राखलेल्या एकाच हॉटेलात. गाइडचा आवाज कानातल्या यंत्रातून येतो. ते यंत्र दर फेरीनंतर पुसायचं असतं, म्हणून प्रत्येकानं आपला इअरफोन बरोबर ठेवलेला बरा. खरी अडचण होते ती स्वच्छतागृहाची. रस्त्यावरच्या कुठल्याही कॅफेत जाता येत नाही, ठरलेल्या थांब्यालाच जावं लागतं, आणि दोन थांब्यांमध्ये दीड-दोन तासही जातात. मधुमेहाची आणि प्रोस्टेटची औषधं घेणारी माणसं तुझ्या यादीत असणारच. सहल निवडताना हे अंतर आधी विचारून घे.

बस बंद पडली तर काय, हेही विचार. एरवी गावातली दुसरी बस मागवतात. बबलमध्ये दुसरी बस आणि दुसरा चालक तपासलेला नसतो, म्हणून तो चालत नाही. ज्या कंपनीकडे तपासलेली राखीव बस नसते, तिचे प्रवासी रस्त्याच्या कडेला बसून राहतात. 'राखीव बस आहे का?' या प्रश्नाला लेखी उत्तर घ्यायचं.

आता वेळेचा हिशोब, कारण खरं नुकसान वेळेचंच होतं. चिव्हितावेक्कियाचं उदाहरण घे, रोमसाठी जहाज जिथे लागतं ते बंदर. समज, जहाज सकाळी ८ ला लागलं, संध्याकाळी ६ ला सुटणार, आणि साडेपाचला सगळ्यांनी वर असायचं. ६०० प्रवासी सहलीला जाणार आहेत. साध्या दिवसांत ५० आसनी १२ बस लागतात. पाच-पाच मिनिटांनी सोडल्या, तर पहिली पावणेनऊला आणि शेवटची ९.४० ला निघते. साथीत बस अर्ध्या भरायच्या म्हणून २४ बस लागतात. त्यात बंदराचा आरोग्य अधिकारी वर येऊन जहाजाचं आरोग्य घोषणापत्र आणि तापाच्या नोंदी तपासतो, मगच उतरायची मोकळीक देतो. एरवी हे काम जहाज पोचायच्या आधीच संदेशावर झालेलं असतं. समज, यात साडेनऊ वाजले. पहिली बस पावणेदहाला सुटली, तर चोविसावी ११.४० ला सुटते. परतताना तपासणीची रांग हळू सरकते, म्हणून बसनं साडेचारला धक्क्यावर यायचं. शेवटच्या बसला मिळाले ४ तास ५० मिनिटं. रोम तिथून सुमारे ८० किलोमीटर, जायला दीड आणि यायला दीड तास. हातात उरले १ तास ५० मिनिटं. त्यात कोलोसियम आतून आणि व्हॅटिकन दोन्ही लिहिणं म्हणजे लोकांना फसवणं. तू तसं लिहिणार नाहीस, पण तुझ्या पत्रकात आत्ता तेच लिहिलेलं आहे.

म्हणून माझा सल्ला: साथीची चिन्हं असतील तेव्हा ज्या बंदरात गाव धक्क्यालगत आहे, त्यांच्यावर भर दे. माल्टाचं व्हॅलेटा जहाजाच्या अगदी डोक्यावर आहे. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर तटबंदीचं जुनं शहर धक्क्यापासून चालत जाण्याजोगं आहे. तुर्कस्तानातल्या कुसादासीहून एफेसस हे प्राचीन शहर सुमारे २० किलोमीटर, आणि बहुतेक अवशेष उघड्यावर. रोम दूर आहे, आणि ग्रीसचं सँतोरिनी बेट तर त्याहून अवघड, कारण तिथे जहाज समुद्रात नांगरतं आणि टेंडर, म्हणजे धक्क्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या बोटीनं जावं लागतं. १२० जणांची बोट अर्ध्या क्षमतेनं चालवली की २,००० प्रवाशांना १७ ऐवजी ३४ फेऱ्या लागतात. निर्बंध असताना टेंडरचं बंदर सगळ्यात आधी गाळलं जाईल असंच समजून चाल. मुंबईहून निघणाऱ्या छोट्या सहलींनाही हे लागू आहे; लक्षद्वीपलाही सहसा होडीनंच उतरावं लागतं.

गटाच्या आकड्याबद्दल. ५० आसनी बसमध्ये अर्ध्या क्षमतेनं २५ माणसं. त्यात गाइड आला, तू आलास. २४ प्रवासी, तू आणि गाइड मिळून २६ होतात, आणि एका माणसासाठी गट दोन बसमध्ये फुटतो. गट २२ चा ठेव, म्हणजे एक जागा मोकळीही राहील. दोन जागा कमी विकल्याचं दुःख एका सकाळपुरतं, पण दोन बसमध्ये विभागलेल्या ज्येष्ठांना सांभाळणं एकट्यानं होत नाही.

आता एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती नीट ऐक. कोविडच्या काळात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची (सीडीसी) 'निकटचा संपर्क' याची मोजणी अशी होती: २४ तासांत एकूण १५ मिनिटं किंवा जास्त, सहा फुटांच्या आत. आपली मंडळी जहाजावर काय करणार? रात्री एक लांब टेबल लावून सगळे एकत्र जेवणार. त्यातला एक जण बाधित निघाला, तर दुसऱ्या दिवशी शेजारची आणि समोरची सगळी रांग केबिनमध्ये, आणि बंदर गेलं. म्हणून चार-चार जणांची टेबलं घे, आणि तीच माणसं रोज त्याच टेबलावर बसव. एकजण आजारी पडला तर चार जणांची सहल बुडेल, बाकीच्यांची वाचेल. बसमध्येही त्याच चौकड्या पुढेमागे बसव आणि आसनांचा तक्ता स्वतःकडे ठेव. तपासणीची वेळ आली तर जहाजावरचे लोक तोच मागतात.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर सुमारे २,००० माणसांपैकी ६६ जण बाधित निघाले आणि जहाज मुंबईला परत आलं. बंदर समोर दिसत असूनही गोवा झाला नाही. देशातल्या देशात हे होतं, तर परक्या देशात होणारच.

कागदपत्रांत आपल्या लोकांची खास अडचण नावाची आहे. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आणि इथे बडोद्यात बऱ्याच कागदांवर आडनाव आधी. कोविनच्या प्रमाणपत्रावर आधारचं नाव यायचं आणि विमानतळावर पासपोर्टशी जुळायचं नाही. परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीखही नंतर घालावी लागली, कारण सुरुवातीच्या प्रमाणपत्रावर ती नव्हती. पुढे कुठल्याही लसीचं प्रमाणपत्र मागितलं गेलं, तर नोंदणी पासपोर्टनंच करायला लाव. शिवाय मुदत बघ. युरोपीय संघानं १ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्या दोन डोसांचं प्रमाणपत्र प्रवासासाठी २७० दिवसच ग्राह्य धरलं. बुकिंग करताना चालणारा कागद उतरण्याच्या दिवशी चालत नव्हता. म्हणून तारीख मोजायची ती शेवटच्या बंदराच्या दिवसापर्यंत.

आणि परवानगी एकाच जागेची पुरत नाही. जहाजानं सोडलं, बंदरानं सोडलं, तरी इटलीत ऑगस्ट २०२१ पासून संग्रहालयाच्या दाराशी आणि उपाहारगृहाच्या आत वेगळा ग्रीन पास, म्हणजे लस, चाचणी किंवा बरं झाल्याचं प्रमाणपत्र, मागायचे. त्यामुळे प्रत्येक स्थळाचा नियम स्वतंत्र काढावा लागतो, आणि निघण्याआधी दोन दिवस पुन्हा बघावा लागतो.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, बहुप्रवेशाचाच काढ. मध्ये कुसादासी आहे, म्हणजे शेंगेनबाहेर जाऊन परत आत यायचं. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा. आणि व्हिसात सहल संपल्यानंतरची निदान १५ दिवसांची जादा मुदत मागून घे. कुणी बाधित होऊन मधल्याच बंदरात उतरवलं गेलं, तर विलगीकरणाचे दिवस व्हिसाच्या मुदतीतच मोजले जातात. त्या मुक्कामाचा हॉटेलखर्च विम्यात आहे का, हेही पॉलिसीतून शोध. वैद्यकीय खर्च असतो, पण 'विलगीकरणाचा निवास' हे शब्द स्पष्ट असले पाहिजेत. आणखी एक, साथ जाहीर झाल्यानंतर काढलेला विमा त्याच साथीचा दावा बहुधा नाकारतो, कारण ती आधीच माहीत असलेली घटना ठरते. विमा बुकिंगच्या आठवड्यातच काढून टाक.

पैशाचं थोडक्यात. बंदर गाळण्याचा अधिकार तिकिटाच्या करारात कंपनीनं स्वतःकडे ठेवलेला असतो. त्याबद्दल सहसा भरपाई मागता येत नाही. साधारणपणे त्या बंदराचं शुल्क आणि जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात. बाहेरच्या कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे येतील की नाही, हे तिच्याशी झालेल्या लेखी अटीवर आहे. एरवी बाहेरची सहल स्वस्त पडते, हे मी जाणतो. निर्बंधांच्या काळात मात्र जहाजाचीच घे. बसला उशीर झाला तर जहाज आपल्या सहलीसाठी थांबतं, बाहेरच्या सहलीसाठी थांबत नाही, आणि बबलमध्ये बाहेरची सहल मुळात चालतच नाही.

खाण्याबद्दल काकूंनी विचारलंय म्हणून. डब्यातलं जेवण थंड आणि पावाचं असतं. बंद पाकिटातली सुकी भाकरवडी, खाखरा, मेथीचे सुके पदार्थ केबिनमध्ये ठेवायला चालतील. लीलो चेवडो नको, त्यात ओल आणि बटाटा असतो, दोन दिवसांत उतरतो. आणि खाली उतरताना काही नेण्याआधी जहाजावर विचारायचं. ताजं फळ आणि घरचं शिजवलेलं किनाऱ्यावर न्यायला बऱ्याच बंदरांत बंदी असते, साथ असो वा नसो.

पत्रकातल्या त्या ओळीऐवजी हे घाल:

'बंदरांवरील सहली स्थानिक आरोग्य नियमांच्या अधीन आहेत. साथीच्या काळात प्रवाशांना फक्त जहाजाच्या गटसहलीतून उतरता येईल, स्वतंत्र फिरता येणार नाही, आणि गट सोडल्यास जहाजावर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. एखादं बंदर रद्द झाल्यास बंदर शुल्क व जहाजामार्फत घेतलेल्या सहलीची रक्कम कंपनीकडून मिळेल तेवढी परत केली जाईल. संपूर्ण सहलीचे पैसे परत मिळणार नाहीत.'

अक्षर बारीक करू नकोस, बाकीच्या मजकुराएवढंच ठेव. आणि पहिल्या बैठकीत हे स्वतः मोठ्यानं वाचून दाखव; आपल्याकडची वयस्कर माणसं छापलेलं वाचत नाहीत, सांगितलेलं ऐकतात.

२२ जणांची यादी नक्की झाली की पासपोर्टवरची नावं जशीच्या तशी, वय, आणि कोण कुणाबरोबर जेवायला बसणार ते लिहून पाठव. टेबलांच्या आणि बसच्या चौकड्या मी लावून देतो.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
माधव