कट कोण म्हणणार?

बाळा,

फोनवर तू "आई मी ठीक आहे गं" म्हणून विषय संपवतेस म्हणून लिहितेय, घाई न करता वाच.

तू एकटीनेच, स्वतःवरच शूट केलेली ती बाथटबची फिल्म पाहिली. लूपवर होती, चार वेळा पाहिली, उठवेचना. तू तोंड पाण्यात घालतेस, वर येतेस, परत घालतेस, आणि शेवटच्या वेळी मी मनात आकडे मोजायला लागले, ७१ पर्यंत गेले. तू धडधाकट आहेस हे माहीत होतं, सकाळीच तुझा मेसेज आलेला, तरी चारही वेळा मोजले.

फिल्म चांगली आहे, अगदी मनापासून सांगतेय. वर आल्यावर तू कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतेस ना, ते तर फारच आवडलं.

आधी मला वाटायचं, ही फिल्ममध्ये स्वतःऐवजी दुसरी कोणी मुलगी का घेत नाही, पैसे नाहीत म्हणून का? मग तू त्या अमेरिकन कलाकार मार्था रोझलरची १९७५ ची सहा मिनिटांची फिल्म दाखवलीस, ॲप्रन घालून ए पासून एकेक अक्षराला स्वयंपाकघरातली एकेक वस्तू हातात घेते आणि शेवटच्या अक्षरांना वस्तू सोडून सुरी आणि काटा धरून हातांनीच हवेत अक्षरं काढते. नटी असती तर तो रागाचा अभिनय झाला असता, तिथे मात्र ती स्वतः उभी आहे. त्या दिवशी मला तुझं काम कळलं, थोडं उशिराच.

पण मग तुझ्याच पुस्तकात तो डच कलाकार बास यान आडर सापडला. १९७० मध्ये खुर्चीसकट छपरावरून पडला, सायकलसकट कालव्यात गेला, सगळं स्वतःच, कॅमेऱ्यासमोर. आणि १९७५ च्या जुलैत एका छोट्या बोटीतून एकटा अटलांटिक ओलांडायला निघाला, तेही त्याच्या कामाचाच भाग म्हणून, वय ३३. पुढच्या वर्षी बोट आयर्लंडच्या बाजूला सापडली, तो सापडलाच नाही. मला रात्रभर झोप नाही लागली. तू काही समुद्रात जात नाहीयेस, कळतं मला, पण बुडायला टबही पुरतो गं.

बाकीच्या सिनेमात कट म्हणायला डायरेक्टर असतो. तुझ्याकडे डायरेक्टर तूच, आणि नेमक्या त्या वेळी तुझं तोंड पाण्यात.

अजून एक, तोंड घालायच्या आधी तू पाच-सहा वेळा भराभर खोल श्वास घेतेस, ते पूर्ण बंद कर. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो आणि श्वास घ्यावासा वाटायला लावतो तोच, मग जीव कासावीस व्हायच्या आधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस गुपचूप बेशुद्ध होतो. चांगल्या पोहणाऱ्यांचे जीव गेलेत याने.

तू म्हणशील खोलीत दुसरं कोणी असलं की मला जमत नाही. ते खरंही असेल, एकटेपणा तुझ्या फिल्ममध्ये दिसतो आणि तो खोटा करायला मी सांगणार नाही. पण पाण्याच्या शूटला तरी कोणीतरी हवंच. मैत्रीण चालेल, नाहीतर मी येते. बोलणार नाही, रडणार नाही, फोन बंद ठेवेन. फ्रेम कुठे संपते तिथे जमिनीवर टेप लावून ठेव, मी त्याच्या अलीकडे बसेन.

तुझी आई