नोट्स अपलोड होतात, पण वाचता येत नाहीत

महोदय,

माझी मुलगी दृष्टिहीन आहे आणि अर्थशास्त्रात एम.ए. करते. संगणकावरचा मजकूर ती ‘एनव्हीडीए’ या मोफत सॉफ्टवेअरच्या आवाजातून वाचते. तिचं महाविद्यालय नोट्स ऑनलाइन देतं, पण बहुतेक पीडीएफ म्हणजे झेरॉक्स पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो. त्यातलं एकही अक्षर तिला ऐकू येत नाही. काही नोट्स टाइप केलेल्या असतात, पण युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरप्रणाली) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं आणि कानावर पडतात ती निरर्थक इंग्रजी अक्षरं. मागणीच्या वक्रावरच्या व्हिडिओत सर म्हणतात, ‘ही रेषा बघा, अशी खाली येते.’ कशी? ‘किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे उतरते,’ एवढं बोललं तरी तिला पुरतं.

सध्या रात्री मी पानं मोठ्याने वाचते, ती ब्रेलमध्ये टिपून घेते. मला त्याचा कंटाळा नाही. पण स्वतःच्या वेळेला स्वतः अभ्यास करणं तिला मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं.

इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात असेल हे पाहण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ ने सरकारवर टाकली आहे. दिव्यांगांसाठी पुस्तकांच्या अशा सुगम प्रती करता याव्यात, म्हणून कॉपीराइट कायद्यातही २०१२ मध्ये सवलत आली. प्राध्यापकांना विनंती, की नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून मूळ वर्ड फाइलच द्यावी, कर्णबधिर मुलांसाठी व्हिडिओखाली मजकूर द्यावा. आणि हे सत्राच्या सुरुवातीलाच व्हावं, परीक्षेच्या तोंडावर नको.

— एक आई, सातारा