करारातला तो आकडा

चि. सुमेध,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज चढला तो माझाच. परदेशातल्या नोकरीसाठी तुझी निवड झाली, त्याचा आनंद मला झाला नाही असं मनात आणू नकोस. बाबांनी तर काकूला दोनदा फोन करून सांगितलं. पण करारातला तो आकडा डोक्यातून जात नाही. पाच वर्षं एकच पगार, तोही तिथल्या चलनात, आणि तिथली महागाई वर्षाला 20 टक्के.

हिशेब मांडून बघ. 100 ला पाच वेळा 1.2 ने गुण, 249 येतात. भाव असेच वाढत राहिले तर आज 100 ला मिळणारी वस्तू पाच वर्षांनी 249 ला मिळेल. तुझ्या हातातल्या 100 ची किंमत तेव्हा आजच्या 40 एवढीच. कागदावरचा आकडा मात्र जसाच्या तसा.

लहानपणी तू विचारायचास, "नोटा छापून सगळ्यांना वाटत का नाहीत?" तापात पडल्या पडल्याही तेच. तेव्हा मी "झोप आता" म्हणायचे. नोटेच्या बदल्यात जे मिळतं तीच तिची किंमत, रे. माल तेवढाच आणि पैसा वाढला की भाव चढतात. लोकांचा भरवसा उडाला की नोट कुणी जवळ ठेवत नाही, आली की खर्चून मोकळे होतात. तोच पैसा भराभर फिरतो आणि भाव छपाईच्याही पुढे पळतात. जर्मनीत 1914 मध्ये एका डॉलरला 4.2 मार्क पडत, नोव्हेंबर 1923 मध्ये 4.2 लाख कोटी. मजुरी रोज, कधी दिवसातून दोनदा वाटत, कारण संध्याकाळपर्यंत तिच्यात काही उरत नसे. कर्जदार सुटले, बचत करणारे बुडाले.

तुझ्याकडे तसं होईल असं नाही. घाबरवायचं नव्हतं. पण तो आकडा...

पगार महागाई निर्देशांकाला, म्हणजे भाव किती चढले ते दाखवणाऱ्या आकड्याला, जोडून घे. "वेळोवेळी वाढ" एवढ्यावर भागत नाही. कोणता निर्देशांक, कोणत्या महिन्याचा, किती महिन्यांनी, सगळं लिहिलेलं हवं. दर तीन महिन्यांनी वाढ माग. वर्षाने मिळाली तर तोवर पगाराचा सहावा हिस्सा गेलेला असतो. ते तयार नसतील तर काही भाग स्थिर परकीय चलनात माग, आणि कोणत्या दिवसाचा कोणता दर लागेल तेही लिहून घे. सरकारी दर आणि बाजारातला दर वेगळे पडले की फटका पगारदाराला बसतो.

तिथल्या बँकेचं 18 टक्के व्याज बघून हुरळू नकोस. वर्षाने 100 चे 118 होतील, पण 100 ची वस्तू 120 ला गेलेली असेल. मध्यवर्ती बँकेने व्याजदर महागाईच्या वर नेऊन तिथेच टिकवला तर चलन सावरू शकतं. हे दोन आकडे दर महिन्याला शेजारी शेजारी लिहीत जा. महिन्याच्या खर्चापुरतंच तिथल्या चलनात ठेव.

पुन्हा व्याख्यान झालं, माफ कर. चार मुलाखती तू एकट्याने पार केल्यास, तुला अक्कल शिकवायची नाही. जाऊ नकोस असंही म्हणत नाही. फक्त सोमवारी सही करण्याआधी पगाराच्या कलमाचा फोटो पाठव. उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असेन.

तुझी आई