ताई, आता लाइनचा लॉस दिसतो

आदरणीय ताई,

कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ नीट कसं काढायचं ते तुम्ही लिहून दिलेला कागद कॅल्क्युलेटरच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवलाय. फोनवर आभार मानायला गेले, तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. त्या कागदावर जे आहे ते माझ्यासारख्या आणखी कुणाला तरी हवं असणार.

माझ्या कॅल्क्युलेटरवर प्रोग्रॅम लिहिता येतात, पण संमिश्र संख्या, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक (उणे एकच्या वर्गमुळाच्या पटीतला) असे दोन भाग असलेल्या संख्या, त्याला कळत नाहीत. १९८२ साली आलेल्या एचपी-१५सी या कॅल्क्युलेटरमध्ये ती सोय आतच होती. माझ्याकडे मात्र वास्तव भाग एका मेमरीत, काल्पनिक भाग दुसरीत, आणि पुढचं सगळं आपलं आपण. बेरीज, गुणाकार, भागाकार जमले. अडलं वर्गमुळाशी, आणि ट्रान्समिशन लाइनचं, म्हणजे सिग्नल वाहून नेणाऱ्या केबलचं, गणित वर्गमुळाशिवाय पुढे सरकत नाही. दर मीटरचा सिरीज इम्पीडन्स (तारेच्या लांबीभर होणारा अडथळा) आणि शंट ॲडमिटन्स (दोन तारांमधून आडवी होणारी गळती) या दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं. उत्तराचा वास्तव भाग म्हणजे लॉस (सिग्नल किती क्षीण होतो), काल्पनिक भाग म्हणजे फेज (लहर किती मागे पडते).

मी नेहमीचं सूत्र घातलं होतं. मापांकात (दोन्ही भागांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) वास्तव भाग मिळवा, निम्मं करा, वर्गमूळ घ्या. हा झाला उत्तराचा वास्तव भाग. मिळवण्याऐवजी वजा केलं की काल्पनिक. सूत्र बरोबर, स्टेप बरोबर, तरी चांगल्या केबलचा लॉस प्रत्येक वेळी शून्य. दोन संध्याकाळी मी एकेक स्टेप तपासत बसले. चूक सापडेना.

तुम्ही प्रोग्रॅम बघितलाच नाहीत. विचारलंत, "किती अंक धरतं तुझं यंत्र?" दहा, म्हटलं. मग तुम्ही एकच उदाहरण मांडलंत: वास्तव भाग उणे दहा लाख, काल्पनिक भाग १. याचा मापांक दहा लाखांहून किंचित जास्त, पण तो किंचितपणा दशांशचिन्हानंतर सातव्या घरात. दहा अंकांत सात घरं दहा लाखांनीच खाल्ली, उरली तीन. यंत्राच्या लेखी मापांक बरोब्बर दहा लाख. त्यात उणे दहा लाख मिळवले की शून्य! माझा लॉस त्या एका बेरजेत पुसला जात होता, आणि मी तो भलतीकडेच शोधत होते.

मग तुम्ही दाखवलंत की वास्तव भाग ऋण असेल तर आधी काल्पनिक भाग काढायचा, कारण तिथे दोन मोठ्या संख्या एकमेकींना खात नाहीत. तो आला १०००. दुसरा भाग नंतर भागाकाराने: मूळ काल्पनिक भागाला याच्या दुपटीने भागायचं, १ भागिले २०००, म्हणजे ०.०००५. वास्तव भाग धन असेल तर क्रम उलटा. प्रोग्रॅममध्ये एक तुलना आणि एक उडी, एवढाच फरक. स्क्रीनवर ०.०००५ उमटलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो आकडा बघत राहिले.

एवढ्यावर थांबला असतात तरी माझं काम झालं होतं. पण निघताना तुम्ही म्हणालात, "आता वास्तव उणे तीन, काल्पनिक उणे चार घालून बघ." उत्तर आलं उणे १ आणि अधिक २. मी वर्ग करून पाहिला, जुळला, खूश झाले. तुम्ही मान हलवलीत. वर्ग दोन्ही मुळांचा जुळतो, मुख्य मूळ, म्हणजे दोघांतलं ज्याचा वास्तव भाग ऋण नाही ते, मात्र १ आणि उणे २. वास्तव भाग ऋण आला तर दोन्ही चिन्हं उलटवायची, ही स्टेप माझ्याकडे नव्हती. माझ्या लाइनच्या गणितात हे उदाहरण कधी येणारही नाही, तरी तुम्ही ते सोडलं नाहीत. कोणतं मूळ मुख्य मानायचं हा प्रश्न किती नाजूक आहे, यावर संगणकीय गणिताचे तज्ज्ञ विल्यम कहान यांनी १९८७ मध्ये सविस्तर लिहिलंय. मला तो तुमच्या एका उदाहरणाने कळला.

कागदाच्या तळाशी तुम्ही लिहिलंत, "दोन्ही भाग शून्य असतील तर आधीच बाहेर पड." नाहीतर शून्य भागिले शून्य होऊन यंत्र एररवर अडकतं. तेही घातलंय.

आता त्याच वर्गमुळावर आणि लॉगवर व्यस्त साइन (साइन दिली की कोन देणारी) उभी केलीय. आधी २ ची व्यस्त साइन काढली तर वास्तव भाग ९० आला, कारण यंत्र अंशांवर राहिलं होतं आणि लॉगचा काल्पनिक भाग रेडियनमध्येच हवा. रेडियनवर टाकल्यावर आलं १.५७०८ आणि उणे १.३१७०. त्याची साइन घेतली, २ परत मिळाले. पुढची व्यस्त कोसाइन. ती झाली की कॅल्क्युलेटर घेऊनच येते. उणे तीन, उणे चारसारखं काहीतरी काढून ठेवा.

तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणारी,
तुमचीच