फेल्ट हॅट धुवू नका, वाफ द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाआधी ट्रंका उपसून कपड्यांना ऊन दाखवण्याचे हे दिवस. देवळाली कॅम्प, नाशिकरोड, जुने नाशिक इथल्या घरांत या उपसाउपशीत कधीकधी आजोबांची फेल्ट हॅट हाती लागते. राखाडी किंवा तपकिरी, काठ जेमतेम दीड-पावणेदोन इंचांचा, म्हणजे बहुधा १९५० च्या दशकाची अखेर किंवा १९६० चे दशक. मग कुणीतरी ती साबणाच्या पाण्यात बुचकळते, गच्चीवर वाळत घालते, आणि संध्याकाळी ती घरातल्या कुणाच्याच डोक्यात जात नाही. साठ वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारीत जाते, याचे फार वाईट वाटते.

फेल्ट विणलेले नसते. लोकरीच्या किंवा सशाच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घासाघीस मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि थर घट्ट होतो. हॅट बनते ती याच क्रियेने. गरम पाण्यात साबण लावून चोळले की तीच क्रिया पुन्हा सुरू होते, हॅट आटते. शिवाय आकार धरावा म्हणून फेल्टला बहुधा लाख पाजलेली असते. साबणातल्या क्षाराने ती सुटते, स्पिरिटमध्ये तर विरघळतेच. डागावर सॅनिटायझरचा बोळा फिरवला तर सुटलेली लाख कडेला साचते आणि डागाच्या जागी कडक वलय उरते.

साफसफाई कोरडीच करावी. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश घ्यावा. हॅटच्या डाव्या बाजूपासून सुरुवात करून घड्याळाच्या उलट दिशेने, लव ज्या अंगाने बसते त्या अंगाने, हलक्या हाताने फिरवावा. फिक्या आणि गडद हॅटसाठी ब्रश वेगवेगळे. तेलकट डागावर मुलतानी मातीची कोरडी पूड दाबून रात्रभर ठेवावी, सकाळी झटकावी, गरज पडल्यास पुन्हा लावावी. काळ्या हॅटवर मात्र मुलतानी नको. लवेत अडकलेला पांढुरकेपणा लवकर जात नाही.

आकार बिघडला असेल तर चहाच्या किटलीची वाफ पुरते. कुकरची नको, तिच्यासोबत पाण्याचे आणि पेजेचे शिंतोडे उडतात. तोटीपासून वीतभर अंतरावर हॅट धरून एका जागी पाच-दहा सेकंद वाफ द्यावी. फेल्ट मऊ पडले की बोटांनी घडी बसवावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नये. अरुंद काठाला हे जास्तच जपावे लागते, कारण रुंद काठावर खपून जाणारी लाट इथे लगेच डोळ्यांत भरते. वाफ बाहेरूनच द्यावी. आतल्या चामडी पट्टीला ती लागली तर चामडे कायमचे आक्रसते, हॅट घट्ट होते आणि काठ वेडावाकडा होतो. चालत्या स्कूटरच्या तापलेल्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीच्या मागच्या काचेखाली हॅट ठेवली तरी हेच होते.

पावसात भिजलीच, तर पाणी झटकून चामडी पट्टी बाहेर उलटावी, त्या पट्टीवरच हॅट उभी करावी आणि सावलीत दिवसभर वाळू द्यावी. हेअर ड्रायर नको. एरवी ठेवताना माथा खाली, काठ वर. काठावर ठेवलेल्या हॅटचा काठ चपटा होतो.

कसर हा खरा शत्रू. हॅट विकत घेताना, बुधवारच्या बाजारात असो की ओळखीच्या घरून, ती आतून उजेडाकडे धरून पाहावी. टाचणीएवढा उजेड दिसला की कसरीने खाल्ली आहे असे समजावे. तरीही घ्यायची असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नये. आतली हॅट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर फेल्टवर दव धरते. एवढे झाले की पिशवीतून काढून खोक्यातच ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बंद प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

१९५०-६० च्या दशकांहून जुन्या हॅटबाबत एक धोका माहीत असायला हवा. सशाचे केस एकमेकांत घट्ट अडकावेत म्हणून पूर्वी पाऱ्याचे संयुग वापरत. अमेरिकेत हा वापर १९४१ मध्ये थांबवला गेला. त्याआधीच्या फेल्टमध्ये पारा असू शकतो. अशी हॅट काचकागदाने घासू नये आणि २३ मार्चला शाळेत भगतसिंग होणाऱ्या मुलाच्या डोक्यावर तर मुळीच देऊ नये. त्यासाठी नवी हॅट आणावी.

घालायची ती थंडीत. निफाडकडून बोचरे वारे सुटले की अरुंद काठाची हॅट गोदाकाठच्या सकाळच्या फेरीला फार छान. एप्रिल-मेच्या उन्हात एवढा काठ ना कान झाकतो ना मान, आणि घामातले मीठ पट्टी व रिबीन दोन्ही खाते. पट्टीचा सांधा मागे आला पाहिजे, रिबिनीची गाठ डावीकडे. पुढचा काठ किंचित खाली, मागचा वर. उचलताना दोन्ही हातांनी काठ धरावा. माथ्याची समोरची चिमट पकडून उचलण्याच्या सवयीने फेल्ट नेमके तिथेच चिरते.

मापासाठी कानांच्या जरा वरून कपाळाभोवती टेप धरावी. ५७ सेंटिमीटर घेर म्हणजे ब्रिटिश मापाची सात नंबरची हॅट. अमेरिकी मापात तीच सात आणि एक अष्टमांश. सैल हॅट बसवायला पट्टीमागे सुती फीत घालावी. जुन्या हॅटमध्ये तिथे बरेचदा वर्तमानपत्राच्या कागदाची घडी सापडते. तिची शाई आणि आम्ल चामड्याला खाते, तेव्हा ती काढावीच, पण फेकू नये. उलगडून तारीख पाहावी आणि पाकिटात घालून हॅटच्या खोक्यात ठेवावी. हॅट कोणत्या वर्षी डोक्यावर होती हे सांगणारा तेवढाच कागद उरलेला असतो.

आपला,
एक हॅटसंग्राहक वाचक,
पंचवटी, नाशिक